मी आउट म्हणाले म्हणून

"कोट्यातून आलेली ही. हिला लाइन काय दिसणार?"

हे मराठीत म्हटलं गेलं. इंग्लंडात, ब्रॅकनेलजवळच्या एका क्लबच्या गवताच्या कोर्टवर, भर उन्हात. टेनिस चॅम्पियनशिप चालू होती. महिलांची सेमीफायनल. मी बेसलाइनच्या मागे गुडघ्यांवर हात ठेवून उभी. लाइन अंपायर म्हणून; नोकरी सांभाळून शनिवार-रविवारी हे काम करते. नुकताच एक बॉल मी आउट दिला होता. दोन बोटं बाहेर पडला होता. रेषेची पांढरी भुकटी जराही उडाली नव्हती.

बोलणारे होते विनय सर. जिचा पॉइंट गेला त्या इराचे वडील. माझ्या आयटी कंपनीत डिलिव्हरी हेड, म्हणजे माझे वरिष्ठ. माझा व्हिसा त्याच कंपनीच्या स्पॉन्सरशिपवर.

ते ओरडले नाहीत. शेजारच्या मित्राला सांगितल्यासारखं म्हणाले, पण मला नीट ऐकू येईल अशा बेताने. मित्र हसला. भोवती हॅट घातलेले गोरे लोक बसले होते. त्यांना काही कळलं नाही. एवढ्या माणसांत ते वाक्य फक्त माझ्यासाठी होतं.

माझा चेहरा बदलला असणार. मॅच संपल्यावर रेफ्री मार्गारेट जवळ आली. सत्तरीची बाई, काटेकोर.

"व्हॉट डिड ही से टू यू?"

"नथिंग," मी म्हणाले.

वाक्य त्यांचं होतं. पण 'नथिंग' माझं. त्याची आग जास्त झाली.

रेषा मला लहानपणापासून दिसतात. बाबा नागपूरच्या एका क्लबात ग्राउंड्समन होते. मातीच्या कोर्टवर पाणी मारायचं, रोलर फिरवायचा, दोरी ताणून फक्कीने रेषा आखायच्या. दोरीचं दुसरं टोक माझ्या हातात. खेळायची मात्र बंदी. एकदा कोर्ट रिकामं दिसलं म्हणून मी टाकून दिलेल्या रॅकेटने चार बॉल भिंतीवर मारले. एका मेंबरबाईंनी पाहिलं. त्यांनी ते बॉल साबणाने धुवायला लावले. बाबांनाच. बाबांनी धुतले. उन्हात ओळीने वाळत ठेवले. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

पुढे मी युनिव्हर्सिटीच्या टीममधून खेळले. इंजिनिअरिंगला राखीव जागेवर गेले. दोन्ही खरं. दोन्हींत मी घाम गाळला.

विनय सरांना माझी जात कशी कळली? दिवाळीच्या कार्यक्रमात त्यांनी आडनाव विचारलं. त्यावरून नक्की होईना, तेव्हा विचारलं, "नागपुरात कुठे?" मी वस्तीचं नाव सांगितलं. "अच्छा, अच्छा," म्हणाले आणि प्लेट घेऊन दुसरीकडे गेले. नंतर एकदा ऑफिसच्या किचनमध्ये चहा करताना हसत म्हणाले, "तुमच्या लोकांना इथेही काही स्कीम आहे का हो?"

तेव्हा मीही हसले होते. हेही लिहिलंच पाहिजे.

सेमीफायनल इरा हरली. तासाभराने ती मला पार्किंगमध्ये शोधत आली. एकोणीस वर्षांची. इथेच जन्मलेली, इथेच वाढलेली.

"मावशी, तो बॉल आउट होती. मी बघितला."

"माहितीये मला."

"बाबा काय बोलली तुला? कोटा म्हणजे काय? मी विचारला तर म्हणतो, यू वोन्ट अंडरस्टँड."

मी सांगितलं. सोप्या शब्दांत. कुणाला विहिरीवर येऊ दिलं नाही, शाळेत कुठे बसवलं, जागा राखून का ठेवाव्या लागल्या. धुतलेल्या बॉलचंही सांगितलं. आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.

ती म्हणाली, "अँड यू सेड नथिंग?"

तिने टोमणा मारला नव्हता. खरंच विचारत होती.

दुसऱ्या दिवशी दोन्ही फायनल. सकाळी महिलांची, दुपारी पुरुषांची. दुपारी मी बेसलाइनवर असणार होते. महिलांची फायनल संपली आणि मार्गारेटने मला तिच्या खोलीत बोलावलं. समोरच्या खुर्चीत विनय सर. दारात इरा, हात बांधून उभी.

मार्गारेट म्हणाली, यांना कालच्या निर्णयाबद्दल तक्रार आहे. तुला पुरुषांच्या फायनलवरून काढावं, तुझी नजर भरवशाची नाही, असं यांचं म्हणणं.

विनय सर माझ्याकडे वळले. चेहऱ्यावर हसू तसंच. मराठीत म्हणाले, "अगं, कशाला वाढवतेस? सोमवारी ऑफिसात भेटायचंच आहे ना आपल्याला?"

ऑफिसात 'तुम्ही' म्हणणारा माणूस आज 'अगं'वर आला होता.

लंडनला नवं घर बघून ठेवलं होतं. आईचं इथे यायचं तिकीट काढलेलं. सगळं एका क्षणात डोळ्यांसमोरून गेलं. गेलं तर गेलं, म्हटलं.

"मार्गारेट, काल तू विचारलंस. मी खोटं बोलले. आता लिहून घे."

मी कालचं वाक्य इंग्रजीत सांगितलं. शब्दाला शब्द. कोटा म्हणजे काय, ते सांगितलं. हा माणूस ते कुणाला उद्देशून म्हणतो आणि का म्हणतो, तेही सांगितलं. मग आत्ताचं वाक्य सांगितलं. सोमवारसकट.

सर ताडकन उठले. "इट वॉज अ जोक. कल्चरल आहे हे. हिने भलताच अर्थ—"

"नो, डॅड," इरा म्हणाली. "मी ऐकला. जोक नव्हता."

मार्गारेटने लिहिलेलं मला वाचून दाखवलं, माझी सही घेतली आणि त्यांना मैदान सोडायला सांगितलं. दुपारी पुरुषांच्या फायनलला मी माझ्या जागेवर उभी राहिले. पाच सेट. एकाही कॉलवर कुणी बोट ठेवलं नाही.

सगळं गोड झालं, असं कुणी समजू नये. महिन्याभरात मला प्रोजेक्टवरून काढलं. मग नोकरीवरून. एचआर म्हणालं, मैदानावरचा विषय ऑफिसचा नाही. व्हिसा टिकवायला हातात थोडे आठवडे होते. बर्मिंगहॅमच्या एका हॉस्पिटलने त्यांच्या आयटीत घेतलं, पगार कमी. आईचं येणं लांबलं. इथल्या मराठी मंडळाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर कुणीतरी लिहिलं, गोऱ्यांसमोर आपली लाज काढली. खाली बरेच अंगठे.

मागच्या आठवड्यात मंडळाच्या एका ज्येष्ठ काकांचा फोन आला.

"बेटा, तू त्याला सॉरी म्हण, तो तुला म्हणेल. मिटवून टाकू."

"काका, मला मिटवायचं नाहीये. मी कंपनीविरुद्ध नोकरीच्या ट्रायब्युनलमध्ये दावा लावतेय."

"अगं, पण तिथे आपलं हे सगळं समजणार कुणाला?"

मी फोन ठेवला आणि दाव्याचा अर्धा राहिलेला फॉर्म पुढे भरायला घेतला. त्यात एक प्रश्न होता: सुनावणीला दुभाषी हवा आहे का?

'नाही' असं मी मोठ्या अक्षरात लिहिलं. माझ्या अपमानाचं भाषांतर मीच करणार. सगळ्यांसमोर. एकही शब्द मऊ न करता.