सात मिनिटांवरचा गट

"लिव्हर सिरॉसिस," असं म्हणून डॉक्टरांनी सोनोग्राफीचा कागद माझ्याकडे सरकवला. तुमचा बाबा माझ्या शेजारीच बसला होता, पण त्याच्याकडे नाही. सिरॉसिस म्हणजे यकृत जखमेच्या व्रणासारखं घट्ट होत जाणं. व्रण झालेला भाग सहसा पहिल्यासारखा होत नाही. उरलेला वाचवता येतो, तोही दारू पूर्ण थांबली तर.

तुमची आई तुम्हाला घेऊन दूर गेली, त्याला तेव्हा तीन वर्षं झाली होती. बाबाला कामामुळे यायला जमत नाही, असं मी, तुमची आजी, तुम्हाला फोनवर सांगत आले. ते खोटं होतं. तुम्ही आता मोठे झालात, आणि दारूचा हा आजार घराण्यात उतरू शकतो, म्हणून खरं लिहिते.

डॉक्टर म्हणाले, "औषधं मी देईन. पण दारू सोडलेल्या माणसांमध्ये त्याला बसवा. दर आठवड्याला न चुकता जाता येईल, असा गट शोधा."

मी तीस वर्षं इंग्रजी शिकवलं. वहीत आखल्याशिवाय मला कुठलंच काम जमत नाही. छत्रपती संभाजीनगरहून सोयगाव तालुक्यातल्या आपल्या गावी परतले, चार ठिकाणी फोन केले आणि तक्ता केला: ठिकाण, वार, अंतर, शेरा. तीन नोंदी झाल्या. सोयगावचा गट बंद पडला होता. शहरातला, उस्मानपुऱ्यातला, दर रविवारी भरायचा. बसने साडेतीन तास. तिसरा आपल्याच गावात, बौद्ध वस्तीतल्या विहारात, बुधवारी संध्याकाळी. चालत सात मिनिटं.

त्या नोंदीपुढे मी शेरा लिहिला: गैरसोयीचे.

तो गट चालवणारा सुखदेव गवंडीकाम करतो. त्याचं नाव मी इथे बदललं आहे, गटातल्यांची नावं बाहेर सांगायची नाहीत असा नियम आहे. तो स्वतः घरी आला. "बाई, दादाला बुधवारी घिऊन जाऊ का? मी बी लई पीत व्हतो. नऊ वर्षं झाली सोडून." मी त्याला ओसरीवरच उभं ठेवलं. "आमचं शहरात ठरलंय," म्हणाले. महिन्याभराने तो पुन्हा आला. तेव्हा बाबा झोपलाय असं सांगितलं. तो जागा होता, आतून ऐकत होता.

गाव बघेल, अशी मी स्वतःची समजूत घातली होती. गावाने त्याला बसथांब्यावर पडलेलं कितीदा तरी पाहिलं होतं. खरं कारण वेगळं होतं. त्या वस्तीत आपण शेतावर मजूर सांगायला जायचो. काही मागायला कधी गेलो नव्हतो.

मग रविवारच्या फेऱ्या सुरू झाल्या. उस्मानपुऱ्यातली माणसं चांगली होती. पण कापूस वेचणी आली की रविवार बुडायचा, मला ताप आला की बुडायचा. परतताना सिल्लोडला बस बदलायची. तिथे तो लघवीला म्हणून जायचा आणि बडीशेप चघळत यायचा. मला दारूचा वास यायचा. वहीत मी मात्र "उपस्थित" लिहायचे.

अकरा महिन्यांनी एका सकाळी त्याला रक्ताची उलटी झाली. व्हेरिसेस फुटले होते. यकृत घट्ट झालं की रक्त दुसरी वाट शोधतं आणि अन्ननलिकेतल्या शिरा फुगतात, त्यांना व्हेरिसेस म्हणतात. दुर्बिणीतून रबराची कडी बसवून त्या बांधल्या. दोन दिवस मी अतिदक्षता विभागाबाहेरच्या बाकावर काढले.

तिसऱ्या दिवशी डॉक्टरांनी विचारलं, "गटाला जातो का?"

"शहरात आणते, रविवारी," मी म्हणाले.

"एवढ्या लांब? गावाजवळ काहीच नाही?"

मी उत्तर जुळवत होते, तेवढ्यात तुमचा बाबा उशीवरूनच बोलला, "आहे ना. घराजवळच आहे. आई पाठवत नाही."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं आणि पुढच्या खाटेकडे गेले.

घरी आल्यावर पहिल्या बुधवारी मी त्याला विहारात नेलं. हातात वही होती. सुखदेव म्हणाला, "वही ऱ्हाऊ द्या बाई, इथं हजेरी नाय घेत. आन् तुम्ही बाहेर बसा. दादाचं दादा बोलंल."

आतून कुणीतरी म्हणालं, "मला आठवीत बाहेर उभं केलं व्हतं बाईंनी. आज बाईंचा नंबर."

सगळे हसले. त्यात बाबाचाही आवाज होता. तो मी फार दिवसांनी ऐकला.

त्याला आता चौदा महिने झाले. तो प्यालेला नाही. पण पोटात पाणी साचतं, ते सुईने काढावं लागतं. अकरा महिने आधी गेलो असतो तर, असं मी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, "ते मला विचारू नका."

तुमच्यापैकी कुणावर मदत शोधायची वेळ आली, तर अंतराचा रकाना आधी वाचा. शेऱ्याचा रकाना आखूच नका. माझी वही मी फाडलेली नाही. ती तुमच्यासाठी कपाटात ठेवली आहे.

सुखदेव दर बुधवारी बाबाला न्यायला येतो. आत ये, चहा घे, असं मी दर वेळी म्हणते.

"इथंच बरंय, बाई," म्हणतो, आणि ओसरीवर उभा राहतो.