खोड्यातला सौदा

पुण्यात जरीमरीची, म्हणजे पटकीची साथ आली तेव्हा मी कोतवालाच्या कोठडीत होतो. मी बैलांचा दलाल. गुरं राखता राखता स्वतःच्या हिमतीवर बाजारात उभा राहिलो. दुसऱ्या एका दलालाने जुंपला की बसकण मारणारा बैल मला धडधाकट म्हणून विकला, म्हणून मी भर बाजारात त्याच्या थोबाडीत दिली. कोतवालाने दोघांनाही आत घातलं, तेही एकाच खोड्यात. भोकं पाडलेल्या त्या ओंडक्यात माझा उजवा पाय आणि शेजारी त्याचा डावा. फसवला गेलो मी, आणि शिक्षा सारखी! हे मला आजही पचलेलं नाही.

बाहेरचं सगळं कानांनीच कळे. आधी कसब्यातल्या तांबटांची ठोकठोक थांबली. मग लाथ मारून उठवणारा पहाऱ्यावरचा नाईक उंबऱ्याबाहेरूनच ‘अहो, उठा’ म्हणू लागला. पाणीही तो दारातून बांबूच्या पन्हळीने लोट्यात सोडी. मला याची मोठी गंमत वाटे. आम्ही आत सुरक्षित होतो की तो बाहेर?

मग खोड्यातला माझा सोबती, तोच दलाल, ओकू लागला. दुपारपर्यंत त्याचा आवाज गेला. आजाऱ्याला पाणी द्यायचं नाही, नदीकाठच्या छपरात नेऊन टाकायचं, असा हुकूम होता. तिथून परतलेला कोणी आम्ही पाहिला नव्हता. आणि हा गेला तर बैल खोटा होता हे कबूल करायला कोण उरणार?

“तो का बोलत नाही?” नाईकाने विचारलं.

“अबोला धरलाय माझ्याशी.”

“माझ्याशी कशाला?”

“तुम्ही माझ्याशी बोलता ना, म्हणून.”

नाईक हसून गेला.

बैल खोटा होता हे कबूल कर, पाणी मी देतो, असं सोबत्याच्या कानात सांगून मी उपरण्याखाली त्याचा हात धरला. बाजारात आम्ही भाव असाच करतो, कापडाखाली बोटं दाबून. त्याने माझी पाचही बोटं धरली. पाच लोटे पाणी! मी दोन दाबली. त्याने हात झटकून घेतला, अगदी बाजारात झटकतो तसा. मी थक्क झालो. डोळे खोल गेलेले, अंग गार, आणि सौदा मोडायची ताकद हा माणूस कुठून आणत होता?

शेवटी तीनवर सौदा ठरला. “मला फार तहान लागलीय,” असं ओरडून मी नाईकाकडून पाणी मागून घेतलं आणि घोट घोट त्याला पाजलं.

तो जगला. साथ ओसरल्यावर कोतवालाने आम्हाला समोर उभं केलं. बैल बसका होता हे सोबत्याने कबूल केलं. मी सुटकेचा निःश्वास सोडतोय तोच तो कोतवालाकडे वळून म्हणाला, “पण सरकार, ह्यांचंही एक ऐकून ठेवा. तीन लोटे ठरले होते. तिसरा अर्धाच दिला.”