नाडी बघून घ्यायला

मी निघाले तेव्हा आईने हातावर दही दिलं, मावश्यांनी जवळ घेतलं. बाबांनी फक्त मनगट धरलं. वैद्य माणूस, लेक अमेरिकेला निघाली तरी आधी नाडी. "वात वाढलाय तुझा. तिकडे थंडगार खात बसू नकोस," एवढं बोलून ते बॅग उचलायला गेले. मला तेव्हा रागच आला होता.

आता बाबा नाहीत, आणि सांता क्लारात मी नेमकं थंडगारच खाते. सॅलड, बर्फाचं पाणी, मीटिंग म्यूट करून गिळलेलं सँडविच. पोट बिघडलं ते बिघडलंच. टेस्ट मात्र सगळ्या नॉर्मल. शेवटी टीममधल्या कोरियन मैत्रिणीने मला तिच्या ओळखीच्या एका कोरियन वैद्य आजींकडे पाठवलं.

आजींनी रिपोर्टकडे पाहिलंही नाही. घाम आला की बरं वाटतं, की गळून जायला होतं? हातपाय गार पडतात? राग बोलून दाखवतेस, की मनात ठेवतेस? इथे आल्यापासून मला असलं कुणी विचारलं नव्हतं. त्यांच्या शास्त्रात माणसांच्या चार प्रकृती. ताप तोच असला तरी एकाचा घाम काढून उतरवायचा, दुसऱ्याला घाम फुटू द्यायचा नाही. "यू, कोल्ड स्टमक. बिग वरी," असं म्हणत त्यांनी माझ्या मनगटावर तीन बोटं ठेवली, अगदी बाबांसारखी. मला रडू आवरेना.

आलं, दालचिनी, जिनसेंग यांचा पाकिटबंद काढा मिळाला. तो गरम केला की माझ्या अपार्टमेंटला बाबांच्या कराडच्या दवाखान्याचा वास येई. दर महिन्याला जात राहिले. हळूहळू भूक लागू लागली.

परवा आजी म्हणाल्या, "ऑल गुड. नो मोअर मेडिसिन." आनंद व्हायला हवा होता, मी मात्र खुर्चीवरून उठलेच नाही. बाबांकडे एक एकट्या राहणाऱ्या काकू यायच्या, दर आठवड्याला, काहीही झालेलं नसताना. मी हसायचे. बाबा म्हणायचे, "अगं, नाडी बघून घ्यायला दुसऱ्या कुणाकडे जाणार ती?"

"अजून थोडं दुखतं," मी आजींना म्हणाले.

त्यांनी पुन्हा मनगट धरलं, बराच वेळ. त्यांना कळलंच असणार. काढा काही दिला नाही. "नेक्स्ट मंथ, कम," एवढंच म्हणाल्या.

माझ्यासारखे निघून आलेले मला विचारतात, घराची आठवण येते का. घर म्हणजे माझ्यापुरतं आता एवढंच उरलंय, कुणीतरी आपलं मनगट धरणं. ते मला महिन्यातून एकदा मिळतं.