खात्रीसाठी देवधरांना फोन करा

देवधर लंडनच्या विमानतळावर पाकीट हरवून अडकलेत, ताबडतोब पैसे पाठवा, असा मेल आमच्या झाडून सगळ्या गिऱ्हाइकांना गेला, तेव्हा देवधर कोथरूडच्या दुकानात माझ्यासमोर बसून खिचडीतल्या मिरच्या बाजूला काढत होते.

देवधर माझे पार्टनर. धंदा ट्रॉफ्यांचा. हिंजवडी-खराडीच्या कंपन्यांत आमच्या ट्रॉफ्या इतक्या जातात, की तिथल्या गेटवरच्या कुत्र्यालाही एकदा तरी ‘बेस्ट परफॉर्मर’ मिळालेलं असणार. मेल आयडी जगजाहीर, त्यामुळे भामट्यांचे मेलही पोत्याने यायचे. परदेशातल्या इतक्या श्रीमंत बायकांचे नवरे आमच्या इनबॉक्समध्ये वारले, की प्रत्येकाचं सुतक पाळलं असतं तर मला जन्मात दाढी करता आली नसती.

या वेळी मात्र देवधर फसले. ‘तुमचा मेलबॉक्स भरला आहे, इथे क्लिक करा’ असं आलं आणि त्यांनी तिथे पासवर्ड भरला. याला फिशिंग म्हणतात. ओळखीच्या कंपनीचं सोंग घेऊन पासवर्ड काढून घ्यायचा. मग चोर तुमच्या नावाने बोलतो.

पैसे कुणीच पाठवले नाहीत. देवधर लोणावळ्यापुढे गेलेले नाहीत हे सगळ्यांना ठाऊक होतं. आम्ही पासवर्ड बदलला आणि सूचना पाठवली, की आमच्या मेलमध्ये काही अडचणीची, संकटाची बातमी असेल तर विश्वास ठेवू नका, खात्रीसाठी फोन करा.

“कुणाचा नंबर टाकू?” मी विचारलं.

“माझा टाक. तू बोललास तर लोकांना तोही फ्रॉड वाटेल.”

त्यांना फोन म्हणजे मेजवानी. पुढे कित्येक महिने गिऱ्हाइकं ऑर्डर देण्याआधी लंडनची हवा विचारायची आणि देवधरही फार थंडी आहे म्हणत मफलर मागवायचे.

मग दिवाळीच्या ऑर्डरी चालू असताना एका सकाळी चहा घेता घेता देवधर गेले. हार्ट अटॅक. एरवी मी कुठलीही गोष्ट फुगवून सांगतो. ही आहे तेवढीच आहे.

वहिनींनी एकच सांगितलं होतं, “त्यांच्या कंपन्यांतल्या लोकांना कळवा भाऊजी. त्यांना माणसं लागायची.” सोसायटीच्या हॉलमध्ये शोकसभा ठरली. मी सगळ्यांना मेल केला. उत्तर एकच आलं: ‘या वेळी मुक्काम थेट वर का?’

म्हणजे लोकांना हाही फ्रॉडच वाटला होता. एका कंपनीने तर आमचा मेल फसवा म्हणून अडवूनच ठेवला होता. बाकीचे काय करत असतील? आम्हीच सांगितलं होतं ते. खात्रीसाठी देवधरांना फोन.

तो फोन घरी वहिनींपाशी होता. मी पोचलो तेव्हा तो वाजतच होता. वहिनींना कमी ऐकू येतं, म्हणून स्पीकर चालू. हिंजवडीच्या एका ऑफिसातल्या शिल्पा मॅडम, आमच्या जुन्या गिऱ्हाईक, हसत होत्या.

“काका, अहो आता तर कमालच केली त्यांनी. तुम्हाला मारूनच टाकलं!”

वहिनी शांतपणे म्हणाल्या, “मी त्यांची मिसेस बोलतेय. ते खरंच गेले.”

पलीकडचं हसणं तुटलं. मग हुंदका. वहिनीच शिल्पा मॅडमची समजूत घालत राहिल्या.

सकाळपासून हेच चाललं होतं. मी म्हणालो, “द्या तो इकडे. बंद करून टाकतो.”

त्यांनी फोन पदराखाली घेतला. “नको. प्रत्येक जण आधी त्यांच्याशी हसून बोलतो, भाऊजी. तेवढ्यापुरते ते असतात.”

दुसऱ्या दिवशी दुकान बंद ठेवून मी एकेकाला स्वतः फोन लावत बसलो. कुणी विश्वास ठेवला, कुणी हसून फोन ठेवला. एरवी मी सांगितलं असतं, की शोकसभेला पाय ठेवायला जागा नव्हती. निम्म्या खुर्च्या रिकाम्या होत्या. बरेच जण नंतर घरी आले, ओशाळून, वहिनींसमोर कसं बसावं ते न कळून.

आता सूचनेत दोन माणसांचे नंबर आहेत. मेल सुरक्षित ठेवायला शिकवणारे पासवर्ड कसा असावा ते तासभर सांगतात. खात्री देणारा माणूसही एक दिवस जातो, हे कुणी सांगत नाही.