सेफ्टीची जागा

"होदी वजनाला कमी आहे. त्यालाच आडवा करा."

कारखान्याचा मॅनेजर असं बोलला आणि अख्खं अंगण हसलं. दुपारच्या जेवणाची सुट्टी होती. ओफाकिमचं ऊन, इस्रायलच्या वाळवंटातलं. कँटीनसमोर जमिनीवर स्ट्रेचर ठेवलेलं. जखमी माणसाला कसं उचलायचं ते सगळ्या कामगारांना शिकवायचं होतं. जखमी कोण होणार? होदी. होदी म्हणजे इंडियातून आलेला. मला माझं नाव होतं, पण कारखान्यात ते कुणी घेतलं नाही.

मी आडवा झालो. मॅनेजरनं कँटीनमधून टोमॅटोचा लगदा मागवला आणि स्वतःच्या हातानं माझ्या कपाळाला फासला. रक्त म्हणून. गार होता. एक ओघळ कानात गेला.

"आता ओरड," तो म्हणाला. "तुमच्या पिक्चरमध्ये ओरडतात तसा. मरता मरता गाणं म्हण."

परत हशा. माझ्या डोक्याशी मार्सेल उभा होता. नवा सेफ्टीवाला. डोक्यावर पांढरं हेल्मेट, गळ्यात शिटी. शिकवणार तोच होता. मी खालून त्याच्याकडं बघत होतो. ती जागा मी मागितली होती आणि मिळाली त्याला.

नीट सांगतो. मी फार शिकलेला नाही, मराठी चौथी. पण हन्ना, माझी बायको, गेली आणि घरात बोलायला माणूस उरला नाही. मुलांशी मराठीत बोललो तर ती हिब्रूत उत्तर देतात. म्हणून लिहायला बसलोय.

सदुसष्टच्या लढाईच्या आदल्या साली सगळ्या देशाचं काम बसलं होतं. मितून म्हणायचे. म्हणजे मंदी. आमच्या गावात लिश्का होती, कामं वाटायचं सरकारी ऑफिस. तिथं पहाटेपासून रांग. काम मिळालं तर वाळवंटातले दगड वेचायचं, नाहीतर खड्डे खणून झाडं लावायचं. मुंबईत मी गिरणीच्या बंबावर होतो. कापसाला आग लागली की धावायचं, पाइप धरायचा. इथं येऊन दगड वेचले. तेही रोज मिळत नव्हते. हन्ना ब्लँकेटच्या कारखान्यात किनार शिवायची, त्यावर चूल चालायची. संध्याकाळी ती यायची तेव्हा केसांत, भुवयांत लोकरीचा भुगा. मी घरात बसलेला. पुरुषमाणूस. ते दिवस आठवले की अजून अन्न कडू लागतं.

अशात त्याच कारखान्यात आग लागली. आग छोटीच. पण विमेवाले येऊन बसले की सेफ्टीचा माणूस ठेवा, नाहीतर विमा बंद. मंदीत एक जागा निघाली. अख्ख्या गावात एक. आणि ती माझ्या कामाची.

लिश्कावाल्यानं मला पाठवलं. मॅनेजरनं दोन-चार गोष्टी विचारल्या, "बघू," म्हणाला. परत लिश्कात आलो तर लिश्कावाला म्हणाला, "तुझंच होणार. आगीचं काम केलेला दुसरा कोण आहे इथं?"

मी घरी येऊन हन्नाला सांगितलं. ती आमच्या पैगंबराला, एलियाहू हन्नाबीला, मलिदा बोलली होती, मला काम लागलं तर. आम्हा मराठी ज्यूंत काम झाल्यावर नवस फेडतात. होण्याआधी नाही. शेजारच्या म्हाताऱ्या तिला म्हणाल्याही, थांब गं, हातात येऊ दे. हन्ना म्हणाली, "लिश्कावाला सरकारी माणूस आहे. तो तोंडानं बोललाय म्हणजे झालंच." आणि केला मलिदा. पोहे, गूळ, खोबरं, वेलची, वर खजूर आणि केळी. सगळा जिना आमच्या दोन खोल्यांत बसला. प्रार्थना झाली.

वरच्या मजल्यावरचा शिमशोनभाऊ पोहे खाता खाता म्हणाला, "काय सेफ्टीवाले, आधी आपल्या बायकोला सांगा, जिन्यावर पाणी ओतत जाऊ नकोस. रोज माणसं पडतात."

हन्ना म्हणाली, "शिमशोनभाऊ, तुम्ही पडता ते पाण्यानं नाही हो."

केवढं हसलो त्या दिवशी.

त्या आठवड्यात जागा मार्सेलला मिळाली. हा रुमानियाचा. आमच्यानंतर आलेला. तिकडं त्याचं जोड्यांचं दुकान होतं. कारखाना त्यानं आतून बघितलेला नव्हता. पण लिश्कावाल्याच्या बायकोचा तो भाऊ. गोरा. मॅनेजरही तिकडचाच, त्याच्याशी घरच्या भाषेत बोलायचा.

मी मॅनेजरकडं गेलो. विचारलं, मी का नाही?

तो रागावला नाही. समजावल्यासारखा बोलला. "हे बघ, सेफ्टीवाला बोलला की लोकांनी ऐकलं पाहिजे. तुझं कोण ऐकणार?"

मग म्हणाला, "झाडू मारायला माणूस पाहिजे. येतोस?"

मी गेलो. घरी चार तोंडं होती. जिन्यात लोक अजून मला सेफ्टीवाले म्हणायचे, आता वेगळ्या आवाजात. मी झाडू मारायचो आणि मार्सेल हेल्मेट घालून शेजारून जायचा. सांभाळून जायचा, माझ्या केरावर पाय पडू नये म्हणून. त्याचं तेही मला सोसायचं नाही.

आणि मग ते स्ट्रेचर.

हशा चालू होता. बायकांच्या घोळक्यातून हन्ना पुढं आली. पदर खोचलेला, अंगावर भुगा. माझ्यापाशी येऊन मराठीत बोलली, "अहो, उठा."

मॅनेजरनं विचारलं, "काय म्हणते ही?"

कुणी सांगितलं नाही. आपली बरीच माणसं होती तिथं. सगळी खाली बघत होती. मला एकदम दिसलं, ती का खाली बघतायत ते. मी आडवा होतो म्हणून. मी पडून आहे तोवर ती सगळीच पडलेली.

मी उठून बसलो. मॅनेजर म्हणाला, "संपलं नाही अजून. झोप."

माझं हिब्रू तेव्हा तुटकं होतं. तेवढ्यात जमलं ते बोललो. "जखमी दुसरा शोध. मला काही झालेलं नाही."

"पडून राहायचे पैसे देतोय तुला."

"झाडायचे देतोस," मी म्हणालो. "पडायचे नाही."

मी उभा राहिलो. आता कुणी हसत नव्हतं. मार्सेल शिटीशी चाळा करत होता. दुसऱ्या दिवशी फाटकावरच सांगितलं, तुझा झाडू दुसऱ्याला दिला. मी परत दगडांवर गेलो. हन्ना मात्र तिथंच राहिली. तिनं सोडलं असतं तर खाल्लं काय असतं?

आता खरं तेच लिहितो. मी जळलो. मार्सेलवर सगळं आयुष्य जळलो. त्याला नव्या वसाहतीत घर मिळालं, त्यावर जळलो. त्याच्या गाडीत मागच्या काचेशी ते हेल्मेट ठेवलेलं असायचं, ते बघून जळलो. त्याची बायको दुपारी गॅलरीत बसून कॉफी प्यायची आणि माझी बायको यंत्रापुढं खोकायची. कारखान्यात कुणाचा हात सापडला असं कानावर आलं की आधी त्या माणसाचं वाईट नाही वाटायचं. आधी यायचं, बघा, बसवा अजून जोडेवाल्याला.

पण मार्सेल कामात चांगला निघाला. चुकत चुकत शिकला. यंत्रांना जाळ्या बसवल्या, भुगा ओढायचे पंखे बसवले. हन्नाच सांगायची घरी येऊन, "माणूस वाईट नाही हो." मी ताट सरकवायचो. तो नालायक असता तर मी कधीच विसरलो असतो. तो शिकला, हे झोंबलं. त्याला शिकायला वेळ दिला. चुका करू दिल्या. मला दारातच विचारलं, तुझं कोण ऐकणार.

हन्ना गेली. सात दिवस मी खाली जमिनीवर बसलो, आपल्या रीतीनं. मार्सेल आला भेटायला. केस पांढरे, हातात फळांची पिशवी. खुर्चीवर बसला. पिशवी पायाशी ठेवली. मग म्हणाला, "चांगली बाई होती. ती सगळी वर्षं... आपण सगळेच नवे होतो तेव्हा. सगळ्यांनाच कठीण होतं."

मी म्हणालो, "तुला सोपं होतं."

माझा मुलगा म्हणाला, "आबा, दाय." दाय म्हणजे पुरे. पण मला पुरे नव्हतं झालं.

मार्सेलचा चेहरा लाल झाला. "मग मी काय करायचं होतं? मिळालेली जागा सोडायची?"

"हो," मी म्हणालो. "सोडायची."

तो उठला, पिशवी तिथंच ठेवून गेला. मुलगा माझ्याशी दोन दिवस बोलला नाही. त्याला लाज वाटली. मला नाही वाटली.

आता सिनेगॉगमध्ये प्रार्थना चालवणारा हज्जान मला सांगतो, कीप्पूरचा, माफी मागायचा उपास जवळ आलाय, मन साफ कर. मी उपास करीन. माझं जे काही वाकडंतिकडं असेल त्याची माफी मागीन. पण ही जळजळ मी देवालाही देणार नाही. ती गेली तर त्या अंगणात काय झालं ते कुणाला ठाऊक राहणार? हन्नाला ठाऊक होतं, ती गेली.

सध्या परत मंदी आहे. कारखाना माणसं काढतोय आणि लिश्कापुढं आमचीच पोरं उभी. इथं जन्मलेली, हिब्रू फाडफाड बोलणारी. तरी आतून कुणाचा तरी मेहुणा येतो आणि काम घेऊन जातो. पोरं चरफडतात आणि घरी जातात. मला काम नको, म्हातारा झालो. पण मी त्या रांगेत उभा राहणार आहे. ज्याला काम दिलं तो कुणाचा कोण, आणि ज्याला दिलं नाही त्याला का नाही, हे मी प्रत्येक वेळी सगळ्यांसमोर, मोठ्यानं विचारणार. बाहेर काढलं तर दारात उभा राहून विचारीन. पोलीस बोलावला तर त्यालाही विचारीन.

मुलगा म्हणतो, आबा, तुमचं कोण ऐकणार?

शनिवारची सुट्टी संपली की रविवारी लिश्का उघडते. मी जातोय.