चढाकडे सरकलेली खुर्ची

आमच्या घरात भुताच्या गोष्टींना कधीच बंदी नव्हती. फक्त गोष्ट संपली की तिचा पंचनामा व्हायचा. सांगणाऱ्याने स्वतः पाहिलं की ऐकलं? आणखी कोण हजर होतं? बाबा विज्ञानाचे शिक्षक. सुट्टी लागली की अंधश्रद्धेविरुद्धच्या पत्रकांचा गठ्ठा आणि प्रयोगांची पेटी घेऊन ते माण-खटावपासून जतपर्यंत वाड्यावस्त्या फिरायचे. मला अक्षरओळख झाली तीच त्या पत्रकांच्या घड्या घालताना. आजही कुणी ‘काहीतरी असतंच गं’ म्हणालं की माझं डोकं फिरतं. त्यामुळे हे लिहायची मला लाज वाटतेय. पण दडवून ठेवणं हा त्याहून मोठा खोटेपणा होईल, म्हणून लिहितेय.

दोन वर्षांपूर्वी बाबांच्या मणक्याला मार बसला. पाय गेले. तेव्हापासून व्हीलचेअर, आणि साताऱ्यातल्या आमच्या घराची एक खिडकी. त्यांचं एकच मागणं होतं – पुन्हा माळावर जायचं, वस्तीजवळ मुक्काम करायचा. लॉजवर नाही! मग मी कॅम्पर ट्रेलरच्या, म्हणजे गाडीमागे ओढत न्यायच्या तंबूच्या मागे लागले.

त्यातला सॉफ्ट फ्लोर प्रकार आमच्या कामाचा नव्हता. त्यात तंबूचा कापडी तळ थेट जमिनीवर अंथरला जातो. खाली दगड असले की व्हीलचेअरची पुढची छोटी चाकं अडकणारच. हार्ड फ्लोरमध्ये ट्रेलरचं झाकण उलटून मागे पडतं आणि तीच फरशी होते – जमिनीपासून दोनेक फूट वर, बाहेरच्या कडेला तीन लोखंडी पायांवर उभी. कुपवाडला एक वर्कशॉपवाले अण्णा असे ट्रेलर बनवतात.

“ताई, डोळं झाकून हार्ड फ्लोर घ्या. सर खुर्चीसकट वर. रॅम्प मी करून देतो,” अण्णा म्हणाले.

“डोळे झाकून मी काहीच घेत नाही.”

“व्हय, दिसतंयच की. तीन येळा बोल्ट मोजलासा.” मग हसून म्हणाले, “ट्रायलला जाऊ. सरांना न्हाई जमलं तर परत आणू.”

त्यांच्याच जीपला ट्रेलर जोडून आम्ही तिघं जतच्या पूर्वेकडच्या माळावर गेलो. सकाळचे पावणेदहा झाले होते. लख्ख ऊन. मुरमाड जमीन, पूर्वेला किंचित उतार. एक गवताळ तुकडा मला आवडला. तिथे ट्रेलर लावणार, तेवढ्यात मेंढरं घेऊन चाललेले एक म्हातारे मेंढपाळ थांबले.

“आवं ताई, तितं नगा. तितं मेंढरं बसत न्हाईत.”

“का बसत नाहीत, मामा?”

“न्हाई बसत. आमच्या बापाच्या टायमापासनं न्हाई बसत.”

झालं! मी दहा मिनिटं बोलले. जागेला दोष लावणं, बापजाद्यांचं न तपासता पुढे चालवणं, सगळं काढलं. वर एक पत्रकही त्यांच्या हातात दिलं. आणि ट्रेलर मुद्दाम, अगदी बरोब्बर तिथंच लावला. बाबा जीपमधून म्हणाले, “भोगा आता. माझंच पेरलेलं उगवलंय.” मामा मेंढरांमागे गेले.

फरशी उघडली. सपाटी मोजायची स्पिरिट लेव्हल ठेवली तर बाहेरची कड खाली आणि ट्रेलरकडची बाजू वर, साधारण दोन बोटांचा फरक. मधल्या पायाची उंची जुळवणारे आटे अडकले होते. अण्णा म्हणाले, “चहा घिऊ, मग बघतो.” कडेचा कठडाही अजून बसवायचा होता. पण बाबांना डोंगर बघायचे होते, म्हणून मी त्यांची खुर्ची बाहेरच्या कडेपासून हातभर अलीकडे, पूर्वेकडे तोंड करून लावली. दोन्ही ब्रेक लावले.

मी शेगडी पेटवून वळले, तर बाबा पार ट्रेलरच्या बाजूला. खुर्चीची पाठ ट्रेलरमधल्या पलंगाला टेकलेली.

“बाबा, डोंगर बघायचे होते ना?”

“मी कुठं हललो? मला वाटलं तूच ओढलीस.”

मी चिडले. खुर्ची पुन्हा जागेवर नेली, पुन्हा ब्रेक लावले, हलवून पाहिले. या वेळी अण्णा समोरच उभे होते. खुर्ची मागे जायला लागली. सावकाश... कुणी मागून धरून नेल्यासारखी.

“सर, ब्रेक लावा की!”

“लागलेत,” बाबा म्हणाले.

लागलेले होते. चाकं फिरत नव्हती. खुर्ची तशीच घसरत होती – आणि चढाकडे!

आता तुम्ही विचाराल, व्हिडिओ का नाही काढला? फोन जीपमध्ये चार्जिंगला होता. कुणी हे कारण मला दिलं असतं तर मीही हसले असते.

तिसऱ्यांदा मी नीट प्रयोग म्हणून केलं. बाबांच्या एका हातात तोवर झालेल्या चहाचा कप, दुसऱ्यात बशी दिली, म्हणजे चाकाला हात लागायचा प्रश्नच नाही. मग पेलाभर पाणी फरशीवर ओतलं. ओघळ बाहेरच्या कडेला गेला, जायला हवा तसा. आणि त्या ओघळाच्या उलट दिशेने बाबा गेले. कपातला चहा सांडलाही नाही. अण्णा पुटपुटले, “काय बी कळंना गड्या...”

फरशीखाली काय आहे ते बघावं म्हणून मी कडेकडे दोन पावलं टाकली, आणि बाहेरचे पाय जमिनीत गेले. कडाक्कन नाही. मऊ, भाकरी दुधात बुडावी तसे. फरशी कलंडली, शेगडी आणि किटली घरंगळत खाली गेली. मी कशीबशी बाजूला उडी मारली. बाबा वरच्या बाजूला होते. त्यांनी पलंगाचा पाइप पकडला होता. जिथे मी त्यांना तीनदा नेऊन बसवलं होतं, त्याच्या बरोब्बर पुढे माणूस उभा मावेल एवढं भगदाड पडलं होतं.

आम्ही बाबांना उतरवत होतो तेव्हा मामा धावत आले.

“जुनी हिर हाय ही. पाणी न्हाई लागलं म्हणून गाळानं बुजिवली. आत पोकळ ऱ्हायली. मेंढराला कळतंय पायाखालचं.”

“मग हे मघाशी का नाही सांगितलंत?” मी जवळजवळ ओरडलेच.

“सांगतच हुतो की. तुमीच मला भाषाण दिलं न्हवं?”

त्यांनी माहिती दिली होती आणि मला त्यात अंधश्रद्धा ऐकू आली. मेंढपाळाच्या तोंडून आली म्हणून! ही चूक माझी, आणि ती मी उघड मान्य करते. आमच्या पत्रकांत हिच्यावर एक ओळ नाही.

पण खुर्चीचं काय?

जमीन खचत होती म्हणावं, तर खुर्ची कडेकडे जायला हवी. वारा? पश्चिमेचा होता, म्हणजे त्यानेही ती कडेकडेच ढकलली असती. चढ-उताराचा दृष्टिभ्रम असतो, मलाही माहीत आहे; पण लेव्हलमधल्या बुडबुड्याला भ्रम होत नाही. कुपवाडला परत आल्यावर तीच फरशी, तोच कल, तीच खुर्ची, तिच्यावर बाबांच्या वजनाची पोती, असं सगळं करून पाहिलं. खुर्ची तसूभर हलली नाही. अण्णा आता एवढंच म्हणतात, “मी बघितलं. फुडचं मला इचारू नगा.”

एकच शक्यता उरली होती. ती मी चार दिवस गिळून ठेवली. शेवटी विचारलं.

“बाबा, खरं सांगा. तुम्ही ढकललीत का खुर्ची? कशीही?”

त्यांनी खुर्ची माझ्याकडे वळवली. मग म्हणाले, “हाच प्रश्न मी आयुष्यभर लोकांना विचारला. समोरचा खरं बोलत असेल तर त्याला कसं वाटेल, हे कधी मनात आलं नाही.” पुढे म्हणाले, “नाही. मी नाही ढकलली.”

बाबा खोटं बोलत नाहीत. ब्रेक लावलेली खुर्ची चढावर जात नाही. या दोन वाक्यांतलं एक मला खोडता यायला हवं. येत नाही.

ट्रेलर आम्ही घेतला, हार्ड फ्लोरचाच. पायांखाली रुंद पत्रे लावून घेतले. रविवारी निघतोय, जागा मामा दाखवणार आहेत. काल बाबा म्हणाले, “या वेळी तू खुर्चीला धरूनच बस, म्हणजे तुझी खात्री होईल.”

बसणार आहे मी. पण ती हाताखालून सरकायला लागलीच, तर आवळून धरायची की जाऊ द्यायची... हे मला अजून ठरवता आलेलं नाही.