दोन्ही बाजूंची हरकत नाही

माझ्या वर्गातला एक मित्र पुढे सरकारी वकील झाला आणि मी आरोपींची वकील झाले. पाथर्डीच्या कोर्टात तो सरकारतर्फे उभा राहायचा, मी त्याच्या समोर. सकाळी नगरहून मी बऱ्याचदा त्याच्याच गाडीतून जायचे. आता पाट्यांवर अहिल्यानगर आलंय, पण आमच्या तोंडात नगरच आहे. भिंगारला थांबून चहा व्हायचा, करंजीचा घाट उतरेपर्यंत मुलांची शिक्षणं, आईवडिलांची दुखणी, कॉलेजातल्या भानगडी. एकदा एका पक्षकाराने मला बाजूला घेऊन विचारलं, "मॅडम, तुमी सरकारी वकिलाच्या गाडीतून आल्या. मग आमचं कसं व्हायचं?" मी त्याला सांगितलं की गाडीत केस बोलायची नाही असा आमचा नियम आहे. तो नियम आम्ही दोघांनीही कधी मोडला नाही. एवढा विश्वास होता, म्हणून राग एवढा आहे.

एक बाई माझ्या पक्षकार होत्या. बांधावरून भावकीत मारामारी झाली, त्यात त्यांचंही नाव आलं. जामीन झाला. दिवाळीनंतर त्या नवऱ्याबरोबर ऊसतोडीला कोल्हापूरकडे गेल्या आणि तारखांना गैरहजर राहिल्या. कोर्टाने वॉरंट काढलं. गाळप संपून कारखान्याचा पट्टा पडला, टोळी परत आली, आणि घराचं कुलूप उघडायच्या आत पोलिसांनी त्यांना उचललं. अंगावरचं मूल कडेवर घेऊन त्या कोर्टात उभ्या होत्या.

"पळून गेला होतात का?" मॅजिस्ट्रेटनी विचारलं.

"न्हाई साहेब. उसाला गेल्तो. समद्या गावाला ठाव हाय."

मी वॉरंट रद्द करायचा अर्ज दिला. सरकार पक्ष काय म्हणतो ते कोर्टाने विचारलं. माझा मित्र उठला आणि म्हणाला, "सरकार पक्षाची हरकत नाही. सरकारचे साक्षीदारसुद्धा तिकडेच होते, साहेब. त्याच टोळीत." कोर्टात हशा पिकला. बाई त्याच दुपारी घरी गेल्या. त्या दिवशी मला त्याचा अभिमान वाटला होता, हे मी आजही नाकारत नाही.

पुढे एका वर्षी फौजदारी कायद्यातल्या दुरुस्तीचा मसुदा आला. त्यावर सूचना मागवल्या होत्या आणि आमदारांची एक समिती जिल्ह्याजिल्ह्यांत फिरून सुनावणी घेणार होती. मसुद्यात एक कलम असं होतं की जामिनावरचा आरोपी एका तारखेला जरी न सांगता गैरहजर राहिला तरी त्याचा जामीन आपोआप रद्द, आणि नवा जामीन तालुक्याच्या कोर्टाने द्यायचा नाही, त्यासाठी जिल्ह्याला सेशन कोर्टात जायचं. मुंबईत बसून वाचलं तर हे शिस्तीचं कलम वाटेल. पाथर्डीत वाचलं तर त्याचा अर्थ एवढाच की अर्धा तालुका दरवर्षी फरार.

त्या दिवशी आम्ही गाडीतला नियम बाजूला ठेवला. ही केस नव्हती, कायदा होता.

"हे वेडेपणाचं आहे," तो स्टिअरिंगवर हात आपटून म्हणाला. "माझ्या केसेस यानं सुधारणार नाहीत. आरोपी जेलमध्ये आणि साक्षीदार उसात. मी पुरावा कुणाचा घेऊ?"

"मग हेच समितीपुढे बोल."

"तू निवेदन लिही. मी बघून देतो. तुमचा वकील संघ आणि आमचे सरकारी वकील, दोघांनी एकच गोष्ट सांगितली तर समितीला ऐकावंच लागेल."

मी निवेदन लिहिलं. त्याने ते बारकाईने तपासलं, दोन ठिकाणी माझी भाषा मवाळ केली, एक परिच्छेद स्वतःचा घातला. 'योग्य कारणाशिवाय' हे शब्द त्यात असावेत हीसुद्धा त्याचीच सूचना. मला वाटलं, आपण इतकी वर्षं एकमेकांविरुद्ध उभे राहिलो ते अशा एका दिवसासाठीच.

निवेदन घेऊन मी आमच्या वकील संघाच्या अध्यक्षांकडे गेले. ते नगरमधले ज्येष्ठ फौजदारी वकील. त्यांच्या हाताखाली मी सुरुवातीची वर्षं काढलेली, त्यांना आम्ही सगळे सर म्हणतो. त्यांनी निवेदन वाचलं, चष्मा काढला आणि हसले.

"चांगलं लिहिलंयस. पण हा मुद्दा आपण लावून धरायचा नाही."

"का सर?"

"वकिलांवर हल्ले होतात, त्यासाठी संरक्षणाचा कायदा आपण किती वर्षं मागतोय? समितीतले एकजण म्हणालेत, या मसुद्याला नगरच्या बारने विरोध केला नाही तर ते आपल्या मागणीचं बघतील. दोन्ही दगडांवर पाय ठेवता येत नाहीत."

"आणि पाथर्डीच्या बायका सेशन कोर्टात कशा येणार?"

त्यांनी खांदे उडवले. "येतील की. नगरमध्ये आपले वकील आहेत ना? आपल्या पोरांना कामच मिळेल."

ते हे वाक्य बोलले तेव्हा खोलीत ज्युनियर बसलेले होते. कुणी मान वर केली नाही. मी फाईल उचलली आणि बाहेर पडले. तरी माझी सगळी भिस्त माझ्या मित्रावर होती. बचाव पक्षाने तोंड मिटलं तर मिटलं, सरकार पक्षच उभा राहून हे कलम चुकीचं आहे म्हणाला तर त्याला वजन जास्त.

सुनावणी एका सरकारी सभागृहात झाली. पुढे समिती, एका बाजूला पोलीस अधिकारी, दुसऱ्या बाजूला आम्ही. सरकारी वकिलांतर्फे बोलायला माझा मित्र उठला. त्याच्या हातात आमचं निवेदन नव्हतं. छापील कागद होता.

त्याने तो वाचून दाखवला. आरोपींच्या गैरहजेरीमुळे खटले रखडतात, शिक्षेचं प्रमाण घसरतं, प्रस्तावित कलम स्वागतार्ह आहे. वाचताना एकदाही माझ्याकडे पाहिलं नाही. मग आमचे अध्यक्ष उठले. त्यांनी समितीचे आभार मानले, वकिलांच्या संरक्षणावर पोटतिडकीने बोलले आणि या कलमाबद्दल एवढंच म्हणाले की बचाव पक्षाची तत्त्वतः हरकत नाही.

समितीचे प्रमुख खूश झाले. "असं पहिल्यांदाच पाहतोय," ते म्हणाले. "सरकारी वकील आणि आरोपीचे वकील एका सुरात!"

हॉलमध्ये टाळ्या वाजल्या. मी उभी राहिले. मला बोलायचं आहे म्हटलं. सूत्रसंचालन करणाऱ्याने विचारलं, "कोणत्या संघटनेतर्फे?"

"कोणत्याच नाही. पाथर्डीत वकिली करते."

"मॅडम, वेळ फक्त संघटनांना आहे. आपण लेखी द्या."

मी तरी बोलायला लागले. गैरहजर आरोपी कुठे असतात, कोणत्या महिन्यात असतात, हे सांगायला लागले. माईक बंद झाला. माझा आवाज मोठा आहे, पण त्या हॉलला तो पुरला नाही. अध्यक्षांनी मागून माझी बाही ओढली, "बस गं, तमाशा नको." मी बाही सोडवून घेतली. समिती पुढच्या वक्त्याकडे वळली होती.

बाहेर पार्किंगमध्ये मी त्याला गाठलं.

"तो कागद कुणाचा होता?"

"वरून आला. काल संध्याकाळी."

"तू वाचायला नकार देऊ शकत होतास."

"मी नोकर आहे. तुझी सनद तुझी आहे, माझी खुर्ची सरकारची. माझी बदली गडचिरोलीला झाली तर तू येणार आहेस का माझ्या आईला दवाखान्यात न्यायला?"

"आजारी आहे म्हणून घरी राहिला असतास! दुसऱ्या कुणीतरी वाचला असता. पण तूच उभा राहिलास. त्या निवेदनात तुझा एक अख्खा परिच्छेद आहे."

त्याने खिशातून गाडीची किल्ली काढली. मग खालच्या आवाजात म्हणाला, "तुझ्या अध्यक्षांनी तरी कुठे विरोध केला? तुमची बाजू तुम्हीच सोडलीत. सगळं माझ्यावर का?"

हे खरं होतं आणि म्हणून मी आणखी भडकले. "कारण तुम्ही मला माहीत होतात," मी म्हणाले. कॉलेजपासून त्याला तू म्हणत आले होते. तुम्ही कसं निघालं मला कळलं नाही. त्याला ते कळलं. त्याने गाडीचं दार लावून घेतलं आणि मी एसटी स्टँडकडे चालत निघाले.

समितीचा अहवाल आला. कलम कायम राहिलं. फक्त 'योग्य कारणाशिवाय' हे शब्द त्यात आले. त्याने मला कोर्टाच्या व्हरांड्यात थांबवून सांगितलं, "ते शब्द मी फोन करून घालायला लावले." खरं असेल. पण कारण योग्य होतं हे सिद्ध करायचं कुणी? उसाच्या फडात राहणारी बाई दाखला आणणार कुणाचा? मुकादमाचा? तो तर तिला तारखेला सोडत नाही. मी त्याला हे विचारलं. "काहीच नसण्यापेक्षा बरं," एवढं म्हणून तो निघून गेला. वकील संघाने समितीच्या प्रमुखांचा सत्कार ठेवला. शाल, नारळ, पेढे. संरक्षणाच्या कायद्याचं त्यांनी तिथे नावही काढलं नाही. मी कार्यकारिणीचा राजीनामा अध्यक्षांच्या हातात दिला. ते म्हणाले, "भावनेच्या भरात काही करू नकोस." मी म्हणाले, "सर, रागाच्या भरात करते आहे."

गळीत हंगामाच्या तोंडावर मी तोडणीला निघालेल्या पक्षकारांचे गैरहजेरीची परवानगी मागणारे अर्ज आधीच दिले. कोर्टाने ते सरकार पक्षाच्या म्हणण्यासाठी पाठवले. प्रत्येक अर्जावर माझ्या मित्राने लिहिलं होतं, 'योग्य तो आदेश व्हावा.' होही नाही, नाहीही नाही. मॅजिस्ट्रेटनी अर्ज मंजूर केले. अजून जुनाच कायदा चालतो म्हणून.

विधेयक अजून विधानसभेत यायचं आहे. अधिवेशनाच्या सुमारास मी आमच्या भागातल्या सत्ताधारी पक्षाच्या एका आमदारांना भेटले. पाथर्डी कोर्टातल्या वकिलांचा ठराव सोबत नेला होता. सेशनला काम गेलं तर त्यांचं नुकसान होतं, म्हणून त्यांनी ठराव केला. मला कारणाशी देणंघेणं नव्हतं, सह्यांशी होतं.

आमदारांनी ऐकून घेतलं. "पण सरकारी वकील काय म्हणतात?"

"चहा पिताना आमच्या बाजूने. समितीपुढे तुमच्या."

ते हसले. मला हसू आलं नाही.

"ते लेखी देतील का तसं?"

"नाही. नगरचा वकील संघही देणार नाही. मी देते." आणि मी माझ्या एकटीच्या सहीचा कागद त्यांच्या टेबलावर ठेवला. त्यांच्या पीएने तो उचलून बाकीच्या गठ्ठ्यावर टाकला, न वाचता.

मी जिने उतरले. डोकं इतकं तापलं होतं की रिक्षावाला दोनदा कुठे जायचं विचारत होता तरी मला ऐकू आलं नाही. मग मी त्याला शेजारच्या मतदारसंघातल्या आमदारांच्या कार्यालयाचा पत्ता सांगितला. कागदाच्या आणखी प्रती पिशवीत होत्या.